सुईची भीती आणि गाण्याची सोबत

लहान मुलांच्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक आहे. त्यातला नेहमी आढळणारा प्रकार आज बहुसंख्य मुलांत बरा होऊ शकतो. मात्र उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. या काळात हातात वारंवार सुई टोचावी लागते. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तेथेच औषधही सोडावे लागते. ‘डॉक्टर, तारीख जवळ आली की पोरगं जेवत नाही,’ असे पालक मला सांगतात.

भीतीने अंग आखडते, श्वास रोखला जातो आणि दुखणे अधिक जाणवते. मन दुसरीकडे गुंतले की तीच वेदना सुसह्य होते. येथे संगीत उपयोगी पडते. व्हिएतनाममधील हनोईच्या बालरुग्णालयात झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. रक्ताचा कर्करोग असलेल्या ७ ते १२ वर्षांच्या ४० मुलांना मणक्यातून पाणी काढताना हेडफोन लावले. २० जणांना संगीत ऐकवले, उरलेल्या २० जणांचे हेडफोन मुके होते. संगीत ऐकणाऱ्या मुलांना वेदना आणि भीती कमी जाणवली, त्यांची नाडीही कमी वेगाने चालली.

यासाठी महागडे साधन लागत नाही. पालकांनी एवढे करावे :

* गाणे मुलाने निवडावे. मग ते बालगीत असो वा सिनेमातले.
* डॉक्टरांची परवानगी घेऊन सुईच्या आधीच गाणे सुरू करावे.
* आवाज लहान ठेवावा. सिस्प्लॅटिनसारख्या काही औषधांनी ऐकू येणे कमी होऊ शकते.
* मुलाची प्रतिकारशक्ती कमी असते, म्हणून हेडफोन स्वच्छ असावा व इतरांचा वापरू नये.
* मूल ‘नको’ म्हणाले, तर थांबावे.
* आईने हळू आवाजात गुणगुणले तरी चालेल. सूर चुकला तरी हरकत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. संगीताने कर्करोग बरा होत नाही. अमुक रागाने गाठ विरघळते, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. भूल किंवा वेदनाशामक औषध डॉक्टरांनी सुचवले, तर तेही टाळू नये. घरी असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाला, तर रात्र असली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे.

मूल बरे दिसू लागले म्हणून उपचार अर्धवट सोडल्यास आजार उलटण्याचा धोका असतो. पुढच्या तारखेला मूल थोडे कमी रडत गेले, तर ती तारीख चुकणार नाही. गाण्याने एवढे साधले तरी पुष्कळ झाले.