गोफण, मंजनीक आणि सायकलची शर्यत



विज्ञानाच्या पुस्तकातील संवेग आणि ऊर्जा यांच्या अक्षय्यतेचे नियम आपल्याला पाठ असतात. सूत्रही बिनचूक लिहिता येते. पण "ही ऊर्जा आली कुठून आणि गेली कुठे?" असे विचारले की वर्ग शांत होतो. म्हणून या अंकात आम्ही दोन गोष्टी घेतल्या आहेत. एक आहे मध्ययुगातील दगडफेकीचे यंत्र आणि दुसरी सायकलच्या सांघिक शर्यती. दोन्हींत शेकडो वर्षांचे अंतर आहे, पण प्रश्न एकच आहे : एकाजवळची गती दुसऱ्याला कशी द्यायची?

आधी आपली गोफण पाहू. ज्वारीच्या शेतात पाखरे हाकलताना राखणदार गोफणीचे एक टोक बोटात अडकवतो आणि दुसरे चिमटीत धरतो. गरगर फिरवून योग्य क्षणी चिमूट सोडली की गोफणगुंडा सुटतो. गोफणीमुळे हात जणू लांब होतो, आणि हात जितका लांब तितका त्याच्या टोकाचा वेग जास्त.

इतिहासात ज्याला मंजनीक म्हणतात, त्या यंत्राच्या टोकालाही अशीच गोफण असे. सुरुवातीच्या यंत्रांत तुळईच्या आखूड बाजूस दोर बांधून माणसे ती ओढत. बाराव्या शतकाच्या सुमारास भूमध्य समुद्राच्या प्रदेशात माणसांच्या जागी जड वजनाची पेटी आली. या यंत्राला युरोपात ट्रेबुशे म्हणतात. तुळईची लांब बाजू आखूड बाजूच्या चार-पाच पट असते. माणसे चाक फिरवून लांब बाजू हळूहळू खाली ओढतात, तशी पेटी वर चढते. ही झाली स्थितिज ऊर्जा. खिट्टी काढली की पेटी खाली येते आणि लांब टोक वेगाने वर झेपावते. गोफणीचे एक टोक तुळईला पक्के बांधलेले असते, तर दुसऱ्या टोकाची कडी तिरप्या लोखंडी खुंटीत नुसती अडकवलेली असते. ठरावीक कोनात कडी आपोआप निसटते व दगड सुटतो. खुंटीचा बाक बदलला की दगड सुटण्याची वेळ बदलते.

आता हिशेब करू. समजा, 2000 किलोची पेटी 3 मीटर खाली आली. ऊर्जा झाली 2000 × 9.8 × 3, म्हणजे 58,800 जूल. यातली निम्मीच 30 किलोच्या दगडाला मिळाली, तरी त्याचा वेग सेकंदाला सुमारे 44 मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ 160 किलोमीटर होतो. उरलेली ऊर्जा तुळई, पेटीचे झोके आणि घर्षण यांत जाते. दगड सुटताना पेटी जितकी मंदावलेली असेल तितके यंत्र चांगले, कारण तिने आपली ऊर्जा देऊन टाकलेली असते. 1304 साली स्कॉटलंडमधील स्टर्लिंग किल्ल्याला वेढा घालताना इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने असेच एक प्रचंड यंत्र बांधवले होते. त्याचे नाव वॉरवुल्फ.

आता सायकलच्या मैदानावर जाऊ. ऑलिंपिकची धाव 250 मीटरची असते आणि वळणावर ती 40 अंशांहून अधिक कललेली असते. या सायकलींना ब्रेक नसतात. येथील मॅडिसन या शर्यतीत दोघांची जोडी असते. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवरून हे नाव पडले. तेथील सहा दिवसांच्या शर्यतींत खेळाडू थकून कोसळत. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका खेळाडूने दिवसात 12 तासांहून अधिक शर्यत करू नये असा कायदा झाला आणि जोड्या आल्या. एक जण शर्यत लढवतो, तेव्हा दुसरा वरच्या बाजूने हळू फिरतो. पाळी बदलताना दोघे हात धरतात आणि वेगात आलेला साथीदार दुसऱ्याला पुढे फेकतो. ही हाताची गोफणच! समजा दोघांचे वजन सारखे आहे आणि वेग सेकंदाला 15 व 9 मीटर आहेत. फेकल्यावर पहिल्याचा वेग 10 झाला, तर दुसऱ्याचा 14 होईल. बेरीज आधीही 24 आणि नंतरही 24.

टीम परस्यूटमध्ये चौघे एकामागे एक 4 किलोमीटर जातात. पुढचा हवा कापतो, त्यामुळे मागच्याला सुमारे एक तृतीयांश जोर कमी लागतो. पाळी संपली की पुढचा खेळाडू वळणावर उतारावर वर चढतो. 2 मीटर चढताच त्याचा वेग सेकंदाला 18 वरून जवळपास 17 मीटर होतो. तिघे खालून पुढे निघतात आणि तो खाली उतरत, गमावलेला वेग परत मिळवत, शेवटी येऊन चिकटतो. पेटी वर चढवून खाली सोडण्याचाच हा प्रकार. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या पुरुष संघाने हे अंतर 3 मिनिटे 40.730 सेकंदांत कापून त्या वेळचा विश्वविक्रम केला.

येथे पालकांचे व विश्वस्त मंडळाचे लक्ष आम्ही एका नियमाकडे वेधू इच्छितो. या शर्यतीत संघाची वेळ पहिल्या खेळाडूवर नव्हे, तिसऱ्याच्या चाकावर मोजतात. पहिला एकटाच सुसाट सुटला, तर संघ हरतो. निकाल लागला की आपण फाटकावर पहिल्या क्रमांकाचा फोटो लावतो आणि ते योग्यच आहे. पण वर्गाचा वेग खरोखर मागे राहणाऱ्या मुलावरून कळतो. पुढच्या मुलाने त्याच्यासाठी थोडी हवा कापली, एखादे गणित समजावले, तर त्याचे स्वतःचे काही कमी होत नाही. उतारावर चढलेला खेळाडू आपला वेग परत मिळवतोच.

घरी करावयाचा प्रयोग : फूटपट्टी पेन्सिलीवर आडवी ठेवा. एका टोकावर कागदाचा बोळा ठेवून दुसऱ्या टोकावर खोडरबर ठरावीक उंचीवरून पाडा. पेन्सिल सरकवून आखूड बाजू आधी निम्मी, नंतर एक पंचमांश करा. बोळा कधी जास्त लांब जातो? प्रत्येक वेळी अंतर मोजून वहीत लिहा. बोळा कागदाचाच असू द्यावा, खड्यांचा वापर करू नये. आणि एका प्रश्नाचे उत्तर लिहून आणा : आखूड बाजू फारच आखूड केली तर बोळा लांब जाण्याऐवजी जागीच का राहतो?