‘छळणे’ आणि त्याचे इंग्रजी पर्याय

मराठीत तहान छळते, आजार छळतो आणि माणूसही छळतो. इंग्रजीत मात्र क्रियापद निवडावे लागते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधील १९०१ सालचा प्रसंग पाहा. मसूर स्थानकावरून बाल भीमराव भावासह बैलगाडीने वडिलांकडे निघाले; शिदोरी होती, परंतु अस्पृश्य म्हणून रात्रभर पाणी मिळाले नाही. तहानेने छळले, येथे ‘टॉर्मेंट’ शोभते. त्याचा कर्ता निर्जीवही चालतो. व्याधीने ग्रासणे म्हणजे ‘अफ्लिक्ट’. तेथे कोणी दोषी असावाच असे नाही. ‘टॉर्चर’मध्ये हेतुपुरस्सर यातना येतात. पाणी नाकारणाऱ्या समाजव्यवस्थेसाठी ‘ऑप्रेस’च हवे, कारण त्यात सत्तेचा भार आहे. उत्तरपत्रिकांत तेथेही ‘ट्रबल’ आढळते; ते आम्ही लाल शाईने खोडतो.