घडी मोडली की काम थांबतं

वसईत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवता शिकवता मी निवृत्त झाले. प्रथिनांचा धडा आला की मुलं पहिली, दुसरी, तिसरी, चौथी रचना घडाघडा म्हणून दाखवत. पण दूध का नासतं, हे विचारलं की वर्ग गप्प. माझ्या बाकांवर पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली, आगाशी-नंदाखालच्या वाड्यांमधली, नालासोपाऱ्याच्या चाळी-बिल्डिंगींतली आणि विरार पूर्वेच्या पाड्यांवरची मुलं शेजारी शेजारी बसत. त्यांना शिकवताना जे उमगलं, ते असं.

१. व्याख्येआधी अंडं उकडावं.

अंड्याचा पांढरा भाग म्हणजे बहुतांश पाणी आणि सुमारे दहा टक्के प्रथिन. उकडल्यावर ते घट्ट, पांढरं होतं. मुलं म्हणतात, “प्रथिन नष्ट झालं.” तसं झालेलं नसतं. अमिनो आम्लांची साखळी शाबूत असते. तिला विशिष्ट घडीत धरून ठेवणारे नाजूक बंध तेवढे उष्णतेने सुटतात आणि मोकळ्या झालेल्या साखळ्या एकमेकींत अडकतात. कोळीवाड्यातल्या मुलांना मी एवढंच सांगे : जाळं गुंतून त्याचा गोळा झाला, तर सूत तेवढंच राहतं, पण मासळी मिळत नाही. इथून पुढे ‘रचना’ हा शब्द त्यांना परका वाटत नसे.

मग पुढचा प्रश्न : घडी कशी घालायची, हे साखळीला कोण सांगतं? अमेरिकी शास्त्रज्ञ ख्रिश्चन अनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज नावाच्या एन्झाइमची घडी रसायनांनी मोडली. रसायनं काढून घेतल्यावर साखळी आपली आपण पूर्ववत झाली आणि कामालाही लागली. म्हणजे घडीची कृती अमिनो आम्लांच्या क्रमातच लिहिलेली असते. याच कामाबद्दल त्यांना १९७२ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अंडं मात्र परत कच्चं होत नाही, कारण त्यातल्या साखळ्यांची दाटी झालेली असते आणि त्या एकमेकींना सोडत नाहीत.

२. एकाच म्हशीचं दूध दोन तऱ्हेने वागतं, त्याचं कारण विचारावं.

आपल्याकडच्या तबेल्यांमुळे हा प्रयोग फुकटात होतो. साधं दूध कितीही उकळलं तरी अंड्यासारखं घट्ट होत नाही. त्यातलं मुख्य प्रथिन केसिन. त्याला मुळात पक्की घडीच नसते, तेव्हा उष्णतेने मोडायचं काय? केसिनचे बारीक कण एकमेकांना दूर ढकलत दुधात तरंगत असतात, कारण त्यांच्यावर ऋण भार असतो. लिंबू पिळलं की तो भार ओसरतो आणि कण एकत्र येतात. पनीर होतं ते असं. दह्यात हेच काम जिवाणूंनी तयार केलेलं आम्ल सावकाश करतं.

व्यायलेल्या म्हशीचा चीक मात्र नुसता वाफवला तरी त्याचा खरवस होतो. चिकात प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिबॉडींची रेलचेल असते. ही प्रथिनं नीट घडी घातलेली, म्हणून आचेला बळी पडणारी. आणि ती तिथे असतात वासरासाठी. गाई-म्हशींच्या वारेतून प्रतिपिंडं पिल्लापर्यंत पोहोचत नाहीत. जन्मानंतर साधारण पहिला दिवसभर वासराचं आतडं ती न तोडता जशीच्या तशी आत घेऊ शकतं, मग ते दार बंद होतं. पहिला चीक वासराला का पाजायचा, याचं उत्तर इथे आहे. खरवस उरलेल्याचा.

३. आपल्या पोटात गेलेलं प्रथिन प्रथिन राहत नाही.

वासराची पहिल्या दिवसाची ही सवलत आपल्याला नाही. जठरातलं पेप्सिन आणि पुढे आतड्यातलं ट्रिप्सिन साखळीचे तुकडे करतात आणि शरीर त्यांतून हवं ते नव्याने विणतं. जिममध्ये जाणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगे. कोलाजेनची पावडर खाल्ली म्हणजे ते कोलाजेन जसंच्या तसं कातडीत जाऊन बसत नाही. वाल, सुके बोंबील, अंडी, महागडा डबा, सगळ्यांचे शेवटी तुकडेच होतात. सुक्या बोंबलात वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिन असतं, हे ऐकून कोळीवाड्यातली पोरं ताठ बसत.

इन्सुलिनची सुई का घ्यावी लागते, हेही यातूनच कळतं. ५१ अमिनो आम्लांचं ते प्रथिन गिळलं तर पचून जाईल. सर्पदंशाचंही तेच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरचं औषध म्हणजे घोड्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं. ती शिरेतूनच द्यावी लागतात. पावसाळ्यात पाड्यावर कुणाला साप चावला तर पाला वाटून पाजण्यात वेळ घालवू नका, गाडी काढा आणि दवाखाना गाठा. धड्यातलं हे एक वाक्य मी कधीच गाळलं नाही.

४. इतिहासाच्या सहलीतही जीवशास्त्र असतं.

वसईचा किल्ला दाखवताना १५३४ आणि १७३९ ही सालं, पोर्तुगीज आणि चिमाजी अप्पा, हे इतिहासाचे सर सांगत. त्यांचं झालं की मी खलाशांच्या हिरड्यांबद्दल बोले. वास्को द गामाच्या १४९७-९९ च्या सफरीत माणसं स्कर्व्हीने गेली. हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं. ताजी फळं नाहीत म्हणजे क जीवनसत्त्व नाही. ते नसलं की कोलाजेनमधल्या प्रोलीनवर होणारी एक छोटी रासायनिक प्रक्रिया अडते, आणि तीन साखळ्यांचा पीळ सैल पडतो. हा तिपेडी पीळ १९५४ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी उलगडून दाखवला. पिळात दर तिसरी जागा ग्लायसीनची. सर्वांत लहान अमिनो आम्ल ते, आतल्या अडचणीत तेवढंच मावतं.

५. काही धडे आवाज खाली आणून शिकवावेत.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आलं की सिकलसेल. ग्लुटामिक आम्लाला पाणी चालतं, व्हॅलीन पाणी टाळतं. ऑक्सिजन कमी झाला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. हा रेणूचा आजार असल्याचं लायनस पॉलिंग यांच्या गटाने १९४९ मध्ये दाखवलं. पुढे साखळीतला नेमका कोणता मणी, म्हणजे कोणतं अमिनो आम्ल बदललं, ते व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधलं.

पालघर जिल्ह्याच्या आदिवासी भागात हा आजार आहे. त्यामुळे “कुणाच्या घरी आहे?” असं वर्गात विचारायचं नाही, हा माझा नियम. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे मात्र दोनदा सांगायचं. दोन वाहकांचं लग्न झालं तर दर बाळंतपणात आजाराची शक्यता चारात एक, म्हणून लग्नाआधी रक्ततपासणी करावी. २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, तेव्हा तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात चौकशी करावी.

६. परीक्षेत दोनच प्रश्न पुरतात.

नीट आणि सीईटीसाठी मुलं शेकडो प्रथिनांची नावं घोकतात. मी त्यांना नावापुढे दोन गोष्टी लिहायला लावी : घडी कशाने मोडते, आणि मोडली तर कोणतं काम अडतं? कोलाजेन, इन्सुलिन, हिमोग्लोबिन, कोणतंही घ्या. ज्याला ही दोन उत्तरं देता येतात, त्याला चार रचनांची नावं आठवली नाहीत तरी प्रथिन कळलेलं असतं. ज्याला फक्त नावं येतात, त्याला एका गुणापलीकडे काही मिळालेलं नसतं.