‘मुळासकट काढा’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

प्रश्न : माझ्या वहिनींच्या स्तनात दोन सेंटिमीटरची गाठ निघाली. तपासणीत कर्करोग. डॉक्टर म्हणतात, फक्त गाठ काढू, मग रेडिएशन देऊ. घरचे म्हणतात, ‘मुळासकट काढून टाका, पुन्हा डोक्याला ताप नको.’ कमी कापलं तर आयुष्य कमी होईल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही. मात्र रेडिएशन पूर्ण घ्यायला हवं, ही अट आहे.

घरच्यांना हसू नका. बाल्टिमोरचे सर्जन हालस्टेड असाच विचार करून स्तनासोबत छातीचे स्नायूही काढत, आणि पुढची सत्तरेक वर्षं जगभर तीच रीत चालली. 1973 मध्ये मिलानमध्ये वेरोनेसी यांनी ती तपासायला घेतली. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीच्या 701 स्त्रिया. निम्म्यांवर हालस्टेडची शस्त्रक्रिया, निम्म्यांचा स्तनाचा चतुर्थांश भाग काढून रेडिएशन. वीस वर्षांनी हिशेब लागला, तेव्हा मृत्यूचं प्रमाण एका गटात 41.2 टक्के, दुसऱ्यात 41.7. म्हणजे फरक नाहीच. (आकड्याने दचकू नका. त्यात सगळ्याच कारणांनी झालेले मृत्यू धरलेत, आणि आजची बरीच औषधं तेव्हा नव्हती.) अमेरिकेत फिशर यांच्या 1976 च्या अभ्यासातही वीस वर्षांनी तेच दिसलं.

रोग त्याच स्तनात परत येण्याचा धोका मात्र थोडा जास्त राहतो : मिलानमध्ये 8.8 टक्के, तर पूर्ण स्तन काढलेल्यांत त्या जागी 2.3. तरी आयुष्यात फरक का पडला नाही? कारण जीव घेतो तो हाडांत, फुप्फुसांत, यकृतात पोचलेला रोग. त्या पेशी बहुतेक वेळा ऑपरेशनच्या आधीच निघून गेलेल्या असतात. त्यांना कात्री गाठू शकत नाही, औषधं गाठतात.

आता अटीचं. फिशर यांच्या अभ्यासात नुसती गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्यांपैकी 39 टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग उलटला. घेतलेल्यांत 14 टक्के. शिवाय काढलेल्या तुकड्याच्या कडांना पॅथॉलॉजिस्ट शाई लावतात. सूक्ष्मदर्शकाखाली कर्कपेशी त्या शाईला टेकलेल्या दिसल्या, तर पुन्हा थोडं कापावं लागतं. वहिनींना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘काहीतरी बिघडलं’ म्हणून घर हादरतं.

सगळ्यांनाच हा मार्ग चालत नाही. स्तनात दूरदूर अनेक गाठी असतील किंवा छातीवर आधी रेडिएशन झालं असेल, तर बहुधा पूर्ण काढणंच बरं.

आणि खरी अडचण अनेकदा वैद्यकीय नसतेच. रेडिएशन म्हणजे साधारण तीन ते पाच आठवडे, आठवड्यातले पाच दिवस मशीनपाशी हजेरी. प्रत्यक्ष किरण काही मिनिटांचे, पण येण्याजाण्यात दिवस जातो. सोबत कोण जाणार, राहायचं कुठे, खर्च कोणत्या योजनेत बसतो, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधी ठरवा. तेवढे दिवस जमणारच नसतील, तर सर्जनना तसं स्पष्ट सांगा. मग पूर्ण स्तन काढण्याचा विचार करायला हरकत नाही.