प्रवासी मोटारसायकल आणि तिची निगा

दिल्लीच्या नैर्ऋत्येस द्वारका हे उपनगर वसलेले आहे. तेथील गृहनिर्माण संस्थांच्या आवारात मोटारींच्या रांगेत अधूनमधून एखादी उंच, धुळीने माखलेली मोटारसायकल उभी दिसते. तिचे पुढचे चाक मोठे असते, हँडल रुंद असते आणि मागे सामान बांधण्यासाठी लोखंडी चौकट असते. अशा गाडीस ‘ॲडव्हेंचर टूरर’ म्हणतात. डांबरी रस्ता संपला तरी प्रवास थांबू नये, हा तिच्या रचनेमागील हेतू होय. परंतु नोकरी करणाऱ्या मालकाला हिमालयासाठी वर्षातून आठ-दहा दिवसच मिळतात. उरलेले दिवस गाडी शहरातच वापरावी लागते. त्यामुळे तिची मालकी ही मुख्यतः या उरलेल्या दिवसांची जबाबदारी असते.

रचना : गुण आणि मर्यादा

मध्यम क्षमतेच्या या गाड्या भारतात लोकप्रिय करण्यात रॉयल एनफिल्डच्या ‘हिमालयन’चा मोठा वाटा आहे. २०१६ साली आलेल्या हिमालयनचे इंजिन ४११ सीसीचे होते. २०२३ च्या अखेरीस ४५२ सीसीची नवी हिमालयन आली. केटीएमची ‘३९० ॲडव्हेंचर’ २०२० साली भारतात आली. तिचे उत्पादन पुण्याजवळील चाकण येथे, बजाज ऑटोच्या कारखान्यात सुरू झाले.

नव्या हिमालयनचे पुढचे चाक २१ इंचांचे आहे. मोठे चाक खड्डे व दगड सहज ओलांडते. मात्र गाडीचे वजन १९६ किलोग्रॅम आहे आणि आसन जमिनीपासून ८२५ मिलिमीटर उंच आहे. उंचीने कमी असलेल्या चालकाचे दोन्ही पाय जमिनीवर पुरते टेकत नाहीत. महामार्गावर न जाणवणारे वजन पार्किंगच्या उतारावर मात्र तत्काळ जाणवते. चाकांचेही तसेच आहे. तारांचे चाक धक्का सोसते, पण त्यात ट्यूब असल्यास पंक्चर काढण्यासाठी चाक उतरवावे लागते. ट्यूबविरहित टायरचे पंक्चर जागेवर काढता येते. गाडी निवडताना गुण आणि त्याची किंमत या दोन्ही बाजू पाहाव्या लागतात.

उंचीचे व अंतराचे गणित

दिल्लीपासून मनाली सुमारे ५४० किलोमीटर आहे. पुढे २०२० साली खुला झालेला, नऊ किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा अटल बोगदा लाहौलमध्ये नेतो. तेथून लेहकडे जाताना लागणारी तांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरांहून उंच आहे. इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे निम्मा असतो. कार्ब्युरेटरच्या इंजिनात तेथे हवा कमी व पेट्रोल अधिक असे मिश्रण होते आणि गाडी अडखळते. इंधन-अंतःक्षेपण पद्धतीत हवेच्या दाबानुसार पेट्रोलचे प्रमाण आपोआप घटते. मानवी शरीराला मात्र विरळ हवेशी जुळवून घेण्यास वेळ लागतो. म्हणून वाटेत मुक्काम करीत, हळूहळू उंची गाठणे आवश्यक असते.

लाहौलमधील तांदी येथील पेट्रोल पंपावरील पाटी प्रवाशांमध्ये अनेक वर्षे प्रसिद्ध होती. पुढील पंप ३६५ किलोमीटरांवर आहे, असे ती सांगत असे. नव्या हिमालयनच्या टाकीत १७ लिटर पेट्रोल मावते. गाडी लिटरला ३० किलोमीटर चालत असेल, तर ती ५१० किलोमीटर जाईल. चढ, ओझे व खराब रस्ता यांमुळे हे प्रमाण २० वर आले, तर ती ३४० किलोमीटरांवरच थांबेल. आपली गाडी प्रत्यक्षात किती चालते, हे मालकाला शहरातील रोजच्या नोंदीवरूनच कळते.

शहरातील निगा

द्वारकेतील उन्हाळा कठोर असतो. धुळीमुळे हवेची गाळणी लवकर भरते; सिग्नलवर थांबलेल्या गाडीतील शीतद्रव्य तापते आणि पंखा सतत फिरत राहतो. म्हणून गाळणीची व शीतद्रव्याच्या पातळीची तपासणी वारंवार करावी लागते. साधारणतः ५०० किलोमीटरनंतर चेन स्वच्छ करून तिला वंगण द्यावे. टायर थंड असताना हवेचा दाब पाहावा. ब्रेकचे पॅड व नटबोल्ट तपासावेत. शहरात तुटलेली चेन एका दुपारची अडचण ठरते; निर्जन खिंडीत, थंडीत, तीच जिवावर बेतू शकते.

कागदपत्रांकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा त्रयस्थ-पक्ष विमा सक्तीचा झाला. परंतु या विम्यातून स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून मिळत नाही. त्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राची मुदतही लक्षात ठेवावी लागते.

गाडी विकत घेतली की ती नावावर होते, परंतु तिच्यावर विसंबता येण्यासाठी तिची ओळख व्हावी लागते. बदललेला आवाज, ढिली चेन, घटलेले मायलेज यांचा अर्थ नित्याच्या निगेतूनच उमगतो. पर्वतातील प्रवासाची तयारी अशा रीतीने घराच्या अंगणातच होत असते.

स्वाध्याय

१. मोठे चाक व उंच आसन यांचे प्रत्येकी लाभ किंवा तोटे सांगा.
२. अतिउंचीवर कार्ब्युरेटरचे इंजिन का अडखळते?
३. ‘प्रवासाची तयारी घराच्या अंगणातच होते’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.