आत कोण आहे?

रायगड जिल्ह्यात पोलादपूरच्या शेजारी महाड तालुका आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत अनेक रासायनिक कारखाने आहेत. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी तेथील एका कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. ११ कामगार मृत्युमुखी पडले. अशा वेळी पहिला प्रश्न असतो, 'आत कोण कोण आहे?'

दारावर आर.एफ.आय.डी. रीडर असेल, तर याचे उत्तर लवकर मिळते. प्रत्येकाच्या कार्डात एक चिप आणि तारेचे बारीक वेटोळे असते. बॅटरी नसते. कार्ड जवळ नेले, की रीडरच्या चुंबकीय क्षेत्रामुळे वेटोळ्यात वीज निर्माण होते. तेवढ्या विजेवर चिप आपला क्रमांक कळवते. रीडरला जोडलेला मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये मावणारा छोटा संगणक. तो क्रमांक यादीत शोधतो आणि वेळ नोंदवतो.

शाळेतही अशी जोडणी करता येते. मात्र आरसी-५२२ हा रीडर ३.३ व्होल्टवर चालतो. ५ व्होल्ट दिले, तर तो बिघडू शकतो.

मुलांनो, रीडर कार्ड ओळखतो, माणूस ओळखत नाही. एकाने दोघांची कार्डे दाखवली, तर घरी असलेला माणूस यादीत आत दिसेल. त्याला शोधण्यासाठी जवान व्यर्थ आगीत शिरतील. कार्ड न दाखवता आत गेलेल्याला तर कोणी शोधणारच नाही. म्हणून येताना आणि जाताना आपले कार्ड आपणच दाखवावे.

प्रश्न
१. बॅटरी नसताना कार्डातील चिप कशी चालते?
२. दुसऱ्याचे कार्ड का दाखवू नये?