सुताराचे ज्ञान आणि अभिकल्पाचा विद्यार्थी

नागपूरचा लकडगंज भाग लाकडाच्या वखारी आणि आरागिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे. अभिकल्पाच्या, म्हणजेच डिझाइनच्या, विद्यार्थ्यास तेथे अवश्य नेले पाहिजे. सागाच्या फळीतील रेषा पाहून ती कोठे फाकेल, हे जाणता सुतार सांगतो. विद्यार्थ्यास ते सांगता येत नाही. मग आपण नेमके कोण, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. शिक्षकाने त्याचे उत्तर घाईने देऊ नये.

१९५८ साली चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात आपल्या साध्या लोट्याचा विचार केला होता. त्यात पाणी किती मावावे, तो कमरेवर न्यावयाचा की डोक्यावर, ओतताना धार कशी पडते, असे प्रश्न त्यांनी उपस्थित केले आणि लोटा कोणा एका माणसाने नव्हे, तर अनेक पिढ्यांनी घडविला, असे नमूद केले. या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था स्थापन झाली.

विद्यार्थ्याने प्रत्येक कामाची नोंदवही ठेवावी. काम कोणासाठी केले, कोणता पर्याय का सोडला आणि कोणाकडून काय शिकलो, एवढे त्यात असावे. काही महिन्यांनी ती वर्गात वाचावी. शक्य झाल्यास सुतारासमोरही. मात्र या वहीला गुण देऊ नयेत. गुण दिले की विद्यार्थी खरे लिहिण्याऐवजी शोभेचे लिहू लागतो.

र. कृ. जोशी (१९३६–२००८) जाहिरात व्यवसायातून मुंबईच्या आय.आय.टी.मधील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापनासाठी आले. ते कवी होते, सुलेखनकार होते. संगणकावरील 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांनी घडविला. आपल्या कार्यालयांतील कित्येक पत्रे त्याच टंकात निघतात, पण पत्रावर जोशींचे नाव नसते. स्वाक्षरी हीच ओळख मानणाऱ्या तरुणांना हे जरूर सांगावे.

ग्रामपंचायतींनाही यात वाटा उचलता येईल. अंगणवाडीसाठी बाके करावयाची असल्यास सुताराबरोबर अशा विद्यार्थ्यासही बोलवावे. तीन वर्षांच्या मुलाचे पाय जमिनीला टेकतात की लोंबकळतात, हे त्याने स्वतः बसून पाहावे, सुताराशी बोलून उंची ठरवावी आणि त्याच दिवशी वहीत लिहावे.